मामा उभे राहीपर्यंत

माझ्या सासऱ्यांइतक्या वेळा बसल्या जागेवरून उठलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी जावई म्हणून कौतुकानं सांगत नाही. कौतुक करायचा माझा अधिकार एका सकाळी गेला, कसा गेला ते पुढं सांगतोच. पण खरं ते खरं. त्यांचं गाव लोहाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि घराचा ओटा त्या रस्त्याला इतका चिकटून आहे, की एसटीच्या खिडकीतून हात काढला तर ओट्यावरच्या माणसाशी हस्तांदोलन होईल. या ओट्यावर एक बाज, बाजेवर सासरे, आणि रस्त्यावरून जाणारं जग. त्यातला कुणीही ‘रामराम मामा’ म्हणाला की सासरे उठलेच. नुसतं कंबर वर करून खाली बसणं नव्हे. ताडकन उभं राहायचं, टोपी सारखी करायची, दोन्ही हात जोडायचे आणि म्हणायचं, “रामराम. या, बसा की.” समोरचा माणूस थोर असो, पोर असो, कर्ज मागायला आलेला असो की मत मागायला. लग्नातल्या बँडवाल्यांसाठी ते उठत. मेंढरं घेऊन जाणाऱ्या धनगरासाठी उठत, आणि मेंढरं संपेपर्यंत उभे राहत, कारण धनगर सगळ्यात शेवटी असतो.

या उठण्याचा सगळ्यात जास्त ताप काळीपिवळीवाल्यांना झाला. लोहाऱ्याला माणसं नेणारी जीप ओट्यासमोरून जाताना आतून कुणीतरी रामराम घालणारच. सासरे उठून उभे. ड्रायव्हरला वाटायचं, म्हाताऱ्याला यायचंय. तो करकचून ब्रेक मारायचा. एकदा असाच एक नवा ड्रायव्हर थांबला, खाली उतरला, मागचं दार उघडलं, आतल्या तिघांना दाटीवाटीनं सरकवलं आणि म्हणाला, “या मामा, झाली जागा.” आता एवढं सगळं एका माणसानं आपल्यासाठी केल्यावर ‘मला यायचं नाही’ म्हणणं सासऱ्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ते आत बसले. लोहाऱ्यात उतरले, तहसीलसमोर एक चहा घेतला आणि दुसऱ्या जीपनं परत आले. घरी सासूबाई ताट वाढून वाट बघत होत्या. सासूबाईंना मी मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडं तशीच रीत आहे. मामींनी विचारलं, “कुठं गेला हुताव?” मामा म्हणाले, “लोव्हाऱ्याला.” “कशाला?” यावर मामांनी खूप विचार केला आणि म्हणाले, “तसं बगितलं तर कशाला बी न्हाय. त्यानं गाडी थांबीवली हुती.”

मामा तहसील कचेरीत शिपाई होते. निवृत्त होताना कचेरीतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना गादीची खुर्ची भेट दिली, ‘आता तरी बसा’ म्हणून. ती खुर्ची आजही आहे. तिची गादी झिजलीय, पण ती पाव्हण्यारावळ्यांनी झिजवली. एसटीत ज्येष्ठ नागरिकाच्या जागेवर ते बसायचे ते जेमतेम पुढच्या थांब्यापर्यंत. एकदा लोहारा ते सोलापूर उभ्यानं गेले, कारण त्यांची जागा त्यांनी कॉलेजच्या एका धडधाकट पोराला दिली होती. वर त्यालाच समजावलं, “बस बाबा. तू डोस्क्यानं दमतूस, मी नुसता पायानं दमतूय.” फोनवर वयानं मोठा माणूस असला की उभ्यानं बोलायचं. लहान असला तरी उभ्यानंच, कारण फोनच्या पलीकडं त्याच्या शेजारी कोण बसलंय हे दिसत नाही. गावात काही जण म्हणायचे, मामाला नोकरीनं ही खोड लावली, साहेबासाठी उठून उठून अंगात मुरली. हे एकदा मामांच्या कानावर गेलं. ते रागावले नाहीत, ते कधीच रागावत नाहीत. एवढंच म्हणाले, “साहेबासाटी उटायचा पगार मिळत हुता. माणसासाटी मी फुकट उटतूय.”

आता माझं सांगतो. मी नळदुर्गला हायस्कूलमध्ये शिक्षक आहे. वर्गात मी शिरलो की पुढच्या दोन बाकांवरची पोरं उठतात, मधली अर्धी उठतात, मागच्यांना मी आलोय हे तास संपताना कळतं. मुख्याध्यापक आले की उठतो तो मी. घरी मी आलो की माझ्यासाठी कुणी उठावं असा आग्रह धरण्याइतका मी मूर्ख नाही. पण सासुरवाडीच्या ओट्यासमोर जीपमधून उतरलो की माझ्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठा असलेला माणूस विजेसारखा उभा राहायचा. जावयासाठी त्यांच्या उठण्याला वेगळीच धार असायची. टोपी, हात आणि वर एक पाऊल पुढं. “यावं पाव्हणं, बसावं.” मी तोंडानं म्हणायचो, “मामा, उठू नका, बसा हो.” पण हे मी नेहमी ते पूर्ण उभे राहिल्यावर म्हणायचो. आधी कधीच नाही. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. मला ते आवडायचं. आज लिहायला लाज वाटते, पण जगात माझ्यासाठी मनापासून उठणारा तो एकच माणूस होता, आणि तेवढं सुख मला सोडवत नव्हतं.

तर अशा या माणसाला वयाच्या पंचाहत्तरीत दोन दुखणी एकदम निघाली. रक्तदाब चढायला लागला आणि प्रोस्टेटची गाठ वाढल्यानं लघवीला सारखं उठावं लागायला लागलं. मामी म्हणाल्या, “दिवसा माणसापायी उटतेत, रातच्याला ह्याच्यापायी. आता निजायचं कवा?” मी आणि माझी बायको सुनंदा त्यांना सोलापूरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टर आत आले तेव्हा मामा तपासणीच्या टेबलावर झोपलेले होते, तिथूनही उठले. डॉक्टरांनी त्यांना दोनदा आडवं केलं. तिसऱ्यांदा नर्स आत आली म्हणून उठले. शेवटी डॉक्टर म्हणाले, “काका, एक गोळी देतोय, ती दोन्ही कामं करेल. रक्तवाहिन्या सैल झाल्या की दाब उतरतो, आणि तीच गोळी लघवीची वाटही मोकळी करते.” मामांना हे फार आवडलं. “म्हंजी सालगडी एक आन् कामं दोन.” “हो, पण या गड्याला सांभाळून वागवावं लागतं,” डॉक्टर म्हणाले. आधी बारीक गोळी, मग हळूहळू वाढवायची. रोज झोपताना घ्यायची. आणि मुख्य म्हणजे, एकदम उठायचं नाही. “एकदम उठलं की रक्त पायातच राहतं, डोक्यापर्यंत पोचत नाही. चक्कर येते, माणूस कोसळतो.” मामा म्हणाले, “म्हंजी मी म्होरं जातूय आन् डोस्कं पाटीमागं ऱ्हातंय.” मामी कोपऱ्यातून म्हणाल्या, “ते आदीपासूनच पाटीमागं हाय.”

डॉक्टरांनी उठायची पद्धत करून दाखवली. आधी कुशीवर व्हायचं. मग हाताच्या आधारानं बसायचं. पाय खाली सोडायचे, घोट्यात हलवायचे, मिनिटभर थांबायचं. मग काहीतरी धरून उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावरही लगेच चालायला लागायचं नाही. मामांनी सगळं नीट ऐकलं आणि अत्यंत काळजीनं विचारलं, “डॉक्टरसाहेब, एवढ्या टायमात समोरचा माणूस नाराज हून निगून जाईल की वो.” निघता निघता डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सांगितली ती मला, मामांना नव्हे. कारण मी शिक्षक, समजूतदार, वही काढून लिहून घेत होतो. “काही दिवस गोळी चुकली तर पुन्हा एकदम मोठ्या गोळीनं सुरू करू नका. शरीराची सवय मोडलेली असते. मला फोन करा, परत बारीक गोळीपासून चढवू.” मी ते लिहून घेतलं. खाली रेघही मारली. ती वही अजून माझ्याकडं आहे, त्यातली ती रेघ मला कुणी दाखवू नये.

गोळी सुरू झाली, हळूहळू मोठी झाली आणि गुणही आला. मामींनी गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घेतला. ते बरंच झालं, कारण मामांच्या ओट्यावर आलेला माणूस काही न खाता जाऊ नये असा दंडक होता. शेजारचे तात्या, त्यांनाही तीच लघवीची तक्रार. एकदा त्यांनी मामांची गोळी तोंडभरून वाखाणली. मामांच्या वस्तूचं कौतुक केलं की ती वस्तू कौतुक करणाऱ्याची होते. त्यांची एक छत्री, दोन टोप्या आणि एक कालवड अशीच गेलेली आहे. मामांनी आतल्या बाजूला आवाज दिला, “अगं, तात्यासाटी चार गोळ्या आन.” मामी डबा काखेत घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तात्या, च्या घ्या, भाकर घ्या, पायजे तर घर नावावर करून घ्या. गोळी मिळायची न्हाय. तिच्यावर ह्यांचं नाव हाय. तुमचं नाव पडलेली गोळी डॉक्टरकडं हाय, तिथनं आना.” मामा आठ दिवस तात्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत.

उठायच्या पद्धतीचं मात्र अवघड होतं. समोर कुणी नसलं की मामा डॉक्टरांचं अक्षर न् अक्षर पाळायचे. रात्री लघवीला उठताना कूस, बसणं, पाय, भिंत, सगळं. पण दिवसा रस्त्यावरून ‘रामराम’ आलं की मधल्या तिन्ही पायऱ्या गाळून ते थेट शेवटच्या पायरीवर. दोन-चारदा डोळ्यांपुढं काजवे चमकले. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाव्हण्यासमोर काजवे चमकणंही त्यांना असभ्यपणाचं वाटत असावं.

गोळ्या आणायचं काम माझ्याकडं होतं. लोहाऱ्यात औषधाची दुकानं नाहीत असं नाही, पण मीच पुढं होऊन म्हणालो होतो, “मामा, औषधांचं माझ्यावर सोडा. नळदुर्गहून महिन्याच्या महिन्याला आणून देत जाईन. तीच गोळी, तेवढीच ताकद, चूक नको.” मामांना संकोच वाटला होता. जावयाला काम सांगू नये, त्याच्याकडून काही घेऊ नये ही त्यांची पक्की रीत. पण मी आग्रह केला, आणि जावयाचा आग्रह मोडणं ही त्याहून मोठी चूक. नऊ महिने मी चुकलो नाही. दहाव्या महिन्यात दहावीची परीक्षा आली, पर्यवेक्षण आलं, आणि मी विसरलो. विसरलो म्हणजे साफ विसरलो.

गोळ्या संपल्या. मामींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पाव्हण्यांना फोन लावा. मामा म्हणाले, “जावयाला आटवण करून द्यायची म्हंजी चूक काडल्यावानी हुतंय.” मग मामी म्हणाल्या, लोहाऱ्याहून कुणाकडून तरी मागवते. तर मामा म्हणाले, “खुळी का काय तू? उद्या पाव्हणं गोळ्या घिऊन आले आन् घरात दुसऱ्यानं आनलेल्या गोळ्या दिसल्या, तर त्यांच्या मनाला काय वाटंल?” हे मला मामींनी नंतर सांगितलं. त्याहून वाईट म्हणजे, त्या सहा दिवसांत माझा मामांशी दोनदा फोन झाला होता. मी सवयीनं विचारलं होतं, “गोळ्या चालू आहेत ना, मामा?” आणि तिकडून उभ्यानं उत्तर आलं होतं, “सगळं बेस हाय, पाव्हणं. तुमी फिकीर करू नका.”

सातव्या दिवशी शनिवारी पाचच्या सुमाराला मी आणि सुनंदा गेलो. मला आदल्या संध्याकाळी एकदम आठवलं होतं आणि मी गोळ्या घेतल्या होत्या. सुनंदानं डबा उघडला, तर आत रिकामी पाकिटं. मामांनी ती फेकलीही नव्हती, डबा रिकामा दिसू नये म्हणून. “किती दिवस झाले?” सुनंदानं विचारलं. मामी म्हणाल्या, “सा.” सुनंदा माझ्याकडं बघायला लागली. त्या क्षणी मला वहीतली रेघ आठवली होती. अगदी स्पष्ट आठवली होती. पण डॉक्टरांना फोन करायचा तर ‘का चुकली’ हे सांगावं लागणार, तेही सासू, सासरे आणि बायको ऐकत असताना. मी घाईघाईनं म्हणालो, “काही होत नाही सहा दिवसांनी. आज झोपताना नेहमीची घ्या.” शिक्षकाच्या आवाजात म्हणालो. त्या आवाजावर कुणी शंका घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन ओट्यावर आलं होतं. मामा अजून बाजेवर पडून होते, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. मी दात घासत घासत दारात आलो. त्यांनी मला बघितलं. आणि मग कूस नाही, पाय नाही, भिंत नाही. ते उठले. टोपीला हात गेला, दुसरा हात जोडायला वर आला, एक पाऊल पुढं पडलं, “या पाव्हणं, ब…” आणि त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. ‘बसा’मधला ‘सा’ त्यांनी जमिनीवरून म्हटला. ओट्याच्या कडेनं भुवई फुटली, उजवं मनगट अंगाखाली आलं. मी धावलो, मामी धावल्या, सुनंदा ओरडली. मामांनी डोळे उघडले, मला वाकलेला बघितला, आणि पडल्या पडल्या म्हणाले, “तुमी कशाला उबं? बसा, बसा.”

सोलापूरच्या डॉक्टरांनी मनगटाला प्लास्टर घालून घेतलं, भुवईला टाके पडले. मग त्यांनी झोपवून एकदा आणि हळूच उभं करून एकदा रक्तदाब मोजला, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, “गोळी सलग चालू होती ना?” मी बोलायच्या आत मामा म्हणाले, “व्हय तर. एक दिस खाडा न्हाय.” डॉक्टर मान हलवत म्हणाले, “इतके महिने ही गोळी सोसली आणि सलग चालू असताना पडले, म्हणजे कारण वेगळं असणार. हृदय बघावं लागेल. आजच दाखल करून घेऊ, तपासण्या लिहून देतो.” त्यांनी पेन उघडलं. मामा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या टाके घातलेल्या भुवईखालच्या डोळ्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, गप ऱ्हावा. पंगतीत शेजाऱ्यानं काही सांडलं तर आपण तिसरीकडंच बघत बसतो, तसे ते माझी चूक न बघता बसले होते. माझ्या अब्रूसाठी हा माणूस नसलेल्या हृदयविकाराचा रोगी व्हायला तयार होता. आणि आणखी वाईट म्हणजे, उद्या तीच मोठी गोळी पुन्हा घ्यायलाही.

मी म्हणालो, “डॉक्टर, खाडा आहे. सहा दिवसांचा. यांचा नाही, माझा आहे. गोळ्या मी आणायच्या होत्या. तुम्ही सांगितलेलं मी लिहूनसुद्धा घेतलं होतं. आणि काल ‘नेहमीची घ्या’ म्हणून सांगणाराही मीच.” मामा घाईनं म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पाव्हण्यांची रातची झोप झाली न्हाय. ते काय बी बोलायलेत.” डॉक्टरांनी पेन बंद केलं. मला वाटलं आता झाडणार, पण ते म्हणाले, “गोळी सगळेच विसरतात. मला सांगितलं नसतं, तर मी चुकीच्या वाटेनं औषध देत बसलो असतो.” खबरदारी म्हणून त्यांनी हृदयाचा आलेख काढला, तो चांगला निघाला. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, आणि मग पहिल्यासारखी बारीक गोळी लिहून दिली. झाडले असते तर बरं झालं असतं.

परत येताना गाडीत मामा मला हळूच म्हणाले, “कशाला सांगितलाव वो पाव्हणं? आन् ते बी पोरीसमोर?” सुनंदा सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं थर्मासमधला चहा कपात ओतला, आधी वडिलांना दिला, मग दुसरा कप माझ्यापुढं धरला. आणि कप धरून राहिली, मी घेईपर्यंत.

त्यानंतर व्यवस्था बदलली. गोळीची चिठ्ठी लोहाऱ्याच्या दुकानात गेली, पंधरा दिवसांचा साठा नेहमी जादा, आणि मामी रोज कॅलेंडरवर फुली मारतात. माझी नेमणूक त्यांनी रद्द केली नाही. महिन्याला एक पाकीट मी आणतोच, ते मामांच्या समाधानासाठी. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव लिहून घेणाऱ्या माणसाला मामांनी स्वतःच्या नावाआधी गोळीचं नाव सांगितलं, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळ्याच्या ऑपरेशनआधी हे सांगायलाच पाहिजे. तिथल्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. मामा शाबासकी घ्यायला उठायला लागले, तेव्हा मामींनी त्यांचं धोतर धरून ठेवलं.

पण गोळी सांभाळली तरी उठणं कोण सांभाळणार? ‘उठू नका’ म्हणून उपयोग नव्हता, ते म्हणजे नदीला ‘वाहू नको’ म्हणणं. तोड मामींनी काढली. पूर्वी वडीलधारी माणसं घरात शिरायच्या आधी अंगणातूनच खाकरायची, म्हणजे घरातल्या बायकांना पदर सावरायला वेळ मिळायचा. मामींनी गावात सांगून टाकलं, “आमच्या ओट्याकडं यायचं तर लिंबापासनंच खाकरायचं. एकदम म्होरं हून रामराम घालंल, त्याला च्या मिळायचा न्हाय.” हे कडुलिंबाचं झाड ओट्यापासून शंभर पावलांवर. तिथं खाकरलं की मामा कुशीवर होणार, पाणवठ्यापाशी दुसऱ्यांदा खाकरलं की बसणार आणि पाय हलवणार, आणि माणूस समोर येईपर्यंत खांब धरून उभे. गावानं हे अगदी मनापासून अंगीकारलं. सकाळ-संध्याकाळ लिंबाखाली खोकण्याची जत्रा. तात्या तर चहाच्या आशेनं दिवसातून पाच वेळा खाकरायचे.

महिनाभरात आरोग्य केंद्राच्या आशाताई वही घेऊन आल्या. वरून विचारणा झाली होती की गावातल्या या एकाच गल्लीत एवढा खोकला कसा. त्यांनी लिंबाखाली तात्यांना पकडलं. “किती दिवसांपासून खोकला हाय?” तात्या म्हणाले, “मामा पडले तवापासनं.” “ताप?” “न्हाय.” “वजन कमी झालंय?” “च्या बंद झाला तर हुईल.” आशाताईंनी थुंकीच्या तपासणीसाठी अकरा डब्या वाटल्या. शेवटी त्या मामांच्या ओट्यावर आल्या, न खाकरता, आणि मामा ताडकन उठणार तेवढ्यात लिंबाखालच्या अकराही जणांनी एकदम आरडाओरडा केला, “बसा मामा, बसा!” तेव्हा कुठं आशाताईंना रोगाचं निदान झालं. जाताना त्यासुद्धा लिंबापर्यंत पाठ न दाखवता चालत गेल्या, कारण पाठ फिरली की मामा निरोपासाठी पुन्हा उठणार.

आता मी जातो तेव्हा लिंबापाशीच उतरतो आणि खाकरतो. मग सावकाश चालतो. पंचवीस वर्षं जे दोन सेकंदांत व्हायचं, ते आता मी शंभर पावलं बघत जातो. एक म्हातारा माणूस कुशीवर होतो. डाव्या हातानं बाजेचा काठ धरतो. उजवं मनगट अजून जोर घेत नाही. पाय खाली सोडतो, घोटे हलवतो, आणि ओठ हलताना दिसतात, आकडे मोजतो. मग खांब धरतो. हे सगळं माझ्यासाठी चाललेलं असतं आणि मला मान खाली घालून चालावं लागतं. परवा मी पोचलो तर ते अजून बसलेलेच होते. मला म्हणाले, “पाव्हणं, आज जरा बसूनच रामराम घ्या.” घ्या म्हणाले, जणू काही कमी प्रतीची वस्तू देत होते. मी त्यांच्या पायांशी ओट्यावरच बसलो. त्यांना ते आवडलं नाही. खुर्चीकडं बोट दाखवत राहिले.

निघताना मात्र ते ऐकत नाहीत. पूर्वी जावयाला जीपपर्यंत पोचवायला यायचे. आता तेवढं होत नाही, पण मी जीपमध्ये चढलो की उठायला लागतात. मी त्या दिवशी जीपमध्ये बसलो, मागं बघितलं, तर मामा बाजेवर पाय सोडून आकडे मोजत होते. गाडी सुटली असती तर ते उभे राहून हात जोडेपर्यंत समोर नुसता धुरळा राहिला असता. मी ड्रायव्हरला म्हणालो, “जरा थांबतोस का रे?”

तो आरशातच बघत होता. हा तोच, ज्यानं एकदा आतल्या तिघांना सरकवून मामांना लोहाऱ्याला नेलं होतं. म्हणाला, “थांबलोच की सर. मामा उबं ऱ्हायल्याबिगर इथनं कुणाचीच गाडी हलत न्हाय.”

आतली सगळी माणसं मागं बघत होती. कुणाला लोहाऱ्याला घाई नव्हती. मामांनी खांब धरला, उभे राहिले, थोडं थांबले, टोपी सारखी केली, आणि डावा हात हळूहळू उजव्या हाताला जाऊन मिळाला. जीपमधल्या बारा जणांनी रामराम घातला. मग ड्रायव्हरनं गिअर टाकला.